रत्नाताई ठिगळं लावत नाही

रत्नाताईच्या तोंडात टाचण्या असताना तिला काही विचारू नये, हे मी फार लवकर शिकले. विचारलं तर ती उत्तर द्यायची, टाचण्या तशाच ओठांत धरून, आणि जीव आपला वर-खाली व्हायचा. बहुतेक वेळा नुसतं "हूं" म्हणायची. त्याचा अर्थ हो असू शकायचा, नाही असू शकायचा, किंवा आता गप बस की गं बाई, असाही. मी आपली शेवटचा अर्थ धरून इस्त्री फिरवत राहायचे.

माझं काम इस्त्रीचं. शिवणातलं मला ओ की ठो कळत नाही. रत्नाताई आणि मी एकाच ऑफिसात, राहायला टेक्सासात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोत, एकाच गल्लीत, त्यामुळे जाणं-येणं एका गाडीतून. शनिवारी मी तिच्याकडे चहाला म्हणून जायचे आणि संध्याकाळपर्यंत मखमलीच्या सुरकुत्या काढत उभी असायचे. आठवडाभर भारतातल्या टीमशी वेळी-अवेळी बोलून डोकं इतकं शिणलेलं असायचं, की ज्यात डोकं लागत नाही असं कुठलंही काम मला चालत होतं.

आमच्याकडच्या सगळ्या घरांना पुढच्या बाजूला एक 'फॉर्मल डायनिंग' असतं. तिथे जेवत कुणीच नाही. कुणी देव मांडतं, कुणी ट्रेडमिल ठेवून त्यावर कपडे वाळत घालतं. रत्नाताईने तिथे राजवाडा उघडला होता. खिडकीत शिंप्याचा पुतळा, त्याच्यावर अर्धवट झालेली कुठलीतरी राणी, मुंडकं नाही. पार्सल टाकायला येणारा नवा माणूस एकदा तरी दचकायचाच. टेबलावर मशीन, खुर्च्यांवर कापडाचे तागे, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या पाइपांची वेटोळी. ती तिच्या नवऱ्याने, विलासभाऊजींनी, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली असायची. राणीचा घागरा घेरदार उभा राहतो तो आत हे पाणी न्यायचे पाइप घातल्यामुळे, आणि कंबर आवळलेली दिसते ती आत वायरी बांधायचे जाडे झिप टाय घातल्यामुळे. हे कळल्यावर माझा राजघराण्यांबद्दलचा उरलासुरला आदर गेला.

हे सगळं चालायचं ते रेनेसान्स फेअरसाठी. दर वसंतात डॅलसच्या खालच्या बाजूला एका माळावर जुन्या इंग्लंडातलं गाव उभं करतात. लोक तिकीट काढून जातात, राजे, सरदार, लोहार, भिकारी होऊन दिवसभर उन्हात फिरतात आणि टर्कीची तंगडी हातात धरून खातात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतकंच वाटलं, की आठवडाभर राबून झाल्यावर या लोकांना घरी पडून राहता येत नाही का?

रत्नाताई त्यात शिरली ती लिंडामुळे. लिंडा आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर बसायची आणि फेअरमध्ये राणी व्हायची. एकदा तिच्या झग्याचं अस्तर उसवलं, ती रडकुंडीला आली, आणि रत्नाताईने जेवणाच्या सुट्टीत ते असं सांधलं की शिवण कुठे होती ते लिंडालाही सापडेना. नागपूरला तिच्या आईने तिला इंजिनिअरिंगच्या आधी शिवणक्लास लावला होता, नोकरी नाही मिळाली तर निदान ब्लाउज शिवशील म्हणून. नोकरी मिळाली, ब्लाउज राहिले, आणि टेक्सासच्या राण्या तिच्या दाराशी यायला लागल्या.

ती व्यवसायाने टेस्टर. सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं, हा तिचा धंदा, आणि कपड्यांनाही तिने तोच लावला. झगा शिवून झाला म्हणजे झाला असं नाही. घालणाऱ्या बाईला ती जिना चढायला लावायची, उकिडवं बसायला लावायची, हात वर करून फळीवरचा डबा काढायला लावायची. विलासभाऊजींनी आणलेलं चिकन हाताने खायला लावायची. सगळ्यात शेवटची परीक्षा संडासात. "एकटीनं जाऊन एकटीनं बाहेर येता आलं पाहिजे. नाही तर फेल." भल्याभल्या सरदारणी त्या परीक्षेत नापास होऊन तोंड पाडून बाहेर आलेल्या मी पाहिल्या आहेत. रत्नाताई शांतपणे टाचण्या तोंडात धरायची आणि सगळं उसवायला घ्यायची.

ऑफिसच्या मीटिंगा म्हणजे तिची हातशिलाईची वेळ. कॅमेरा बंद, आवाज बंद, मांडीवर मखमल. मॅनेजरने नाव घेतलं की सुई खोचायची, आवाज चालू करायचा, दोन वाक्यांत त्याचं समाधान करायचं आणि पुन्हा धावदोरा सुरू. मला म्हणायची, "शैला, या मीटिंगा नसत्या तर माझे घागरे झालेच नसते बघ."

तिचा एक हट्ट मात्र सगळ्या फेअरला ठाऊक होता. ती राणी शिवायची, राजा शिवायची, सरदार, सावकार, अगदी बिशपसुद्धा. गरीब शिवायची नाही. शेतकरी नाही, मोलकरीण नाही, भिकारी तर नाहीच नाही. एकदा डॅलसहून एक जण आला. चांगला मोठ्या पगाराचा माणूस, गाडी दारात मावत नव्हती. त्याला भिकाऱ्याचे कपडे हवे होते, खरीखुरी वाटतील अशी ठिगळं लावून. रत्नाताईने त्याला चहा दिला, चकली दिली आणि सांगितलं, "आय डोंट डू पॅचेस." त्याला वाटलं, हिला जमत नसेल. जाताना कनवाळूपणे ठिगळं कशी लावायची त्याचा एक व्हिडिओ पाठवतो म्हणाला. ती हसली, आणि तो गेल्यावर बराच वेळ कप विसळत राहिली.

आमच्या मराठी मंडळाने एकदा ऐतिहासिक नाटक बसवलं, तेव्हाही हेच. कपडे रत्नाताईकडे. राजा झाला, राणी झाली, मग समितीतल्या काकू म्हणाल्या, आता दोन दासींचं तेवढं साधंसं काहीतरी कर. रत्नाताई "हूं" म्हणाली. प्रयोगाच्या दिवशी दासी रंगमंचावर आल्या त्या जरीचे रुंद काठ आणि झुळझुळीत रेशीम लेवून. प्रेक्षकांना कळेना राणी कोण. राणीने दासीला पाणी आण म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, अरे, ही कोण हिला सांगणारी? काकू पुढचं वर्षभर तिच्याशी बोलल्या नाहीत. रत्नाताईला त्याचं काही वाटलं नाही. मंडळातल्या भांडणांत एकीने न बोलणं म्हणजे तेवढीच विश्रांती, असं तिचं मत.

हट्टामागचं कारण तिने मला सांगितलं ते गाडीत, मी चालवत होते आणि टोलच्या रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलं होतं तेव्हा. विषय निघाला होता जुन्या कपड्यांचा. आमच्याकडे मुलांचे लहान झालेले कपडे पिशव्या भरभरून या घरातून त्या घरात फिरतात. ग्रुपवर फोटो पडतो, ज्याला हवे तो घेऊन जातो. रत्नाताईने तिच्या मुलीसाठी, प्रज्ञासाठी, कधी एक मोजासुद्धा घेतला नाही. मी सहज विचारलं, काहून गं? तिचाच नागपुरी शब्द तिला परत दिला. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमच्या घरात उतरलेला कपडा येत नाही."

मग सांगितलं. तिची आजी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात गाव झाडायची. रस्ता, पाटलाचं अंगण, चावडी. अंगावर पाटलिणीने टाकून दिलेलं लुगडं, ठिगळावर ठिगळ. रस्त्याने कुणी मोठा माणूस आला की झाडू खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. गावाने त्यांना कुठली पायरी दिली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायची गरज नव्हती. वडील तिथून निघाले, नागपूरला रेल्वेत लागले, बौद्ध झाले, मुलींना शिकवलं. "आणि इथे लोक तिकीट काढून तोंडाला माती फासून घेतात," रत्नाताई म्हणाली. "घेऊ देत. त्यांची मजा. पण माझ्या मशीनवर नाही." एवढं बोलून तिने डोळे मिटले. पुढची गाडी हलली तरी ती तशीच होती. मी आमची पुढे घेतली.

मग एका वर्षी प्रज्ञाने बॉम्ब टाकला.

प्रज्ञा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. उंच, बोलकी, नाटकाचं वेड. फेअरच्या मुख्य संचात काम मिळावं म्हणून ऑडिशन देऊन आली होती. मी इस्त्री करत होते, रत्नाताई पुतळ्याला गळपट्टी टाचत होती, तेवढ्यात ही दार ढकलून आत. तिला झाडूवालीची भूमिका मिळाली होती. राणीची मिरवणूक निघते तेव्हा सगळ्यांच्या पुढे रस्ता झाडत जायचं, लोकांच्या टोप्या उडवायच्या, सरदारांची टर उडवायची. "आई, इट्स द फनिएस्ट पार्ट इन द होल शो," ती म्हणाली आणि तिथेच आईची मोजपट्टी घेऊन झाडून दाखवायला लागली. झकास करत होती पोरगी. मला हसू आलं आणि मी ते इस्त्रीच्या वाफेत दडवलं.

रत्नाताईने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मग म्हणाली, "मी नाही शिवणार."

प्रज्ञाने "का?" विचारलं. रत्नाताईने सांगितलं नाही. नुसतं नाही म्हणजे नाही. पोरगी दार आपटून वर गेली आणि त्या घरात जी शांतता सुरू झाली ती कित्येक आठवडे टिकली. प्रज्ञाने कुठूनसं चमचमणारं कापड आणून आपलं आपण काहीतरी शिवलं. फेअरवाले कपडे तपासतात, त्या जुन्या काळात नव्हतं ते वरून दिसलेलं चालत नाही. चेन दिसत होती, कापड नायलॉनचं होतं, त्यांनी ते परत पाठवलं. ती रडली नाही, आईकडे आलीही नाही. ते चमचमतं ध्यान जिन्याच्या कठड्यावर लटकत राहिलं, आणि रत्नाताई रोज त्याच्या शेजारून वर-खाली करत राहिली.

गाडीत ती मला म्हणायची, "सांगायचं तर काय सांगू गं? हिला विहारात नेलं, पुस्तकं दिली, जयंतीला भाषणं करायला लावली. समता, हक्क, सगळं पाठ आहे हिला. आजीच्या हातातला झाडू तेवढा नाही सांगितला. वाटलं, एक तरी पिढी ते ओझं न घेता वाढू दे." मी म्हटलं, मग आताही नको सांगूस, शिवून टाक मुकाट्याने. ती म्हणाली, "न सांगता तिच्या हातात झाडू देऊ? मग तर मी संपलेच." आणि सांगितलं तर पोरीची हौस मेली असती. दोन्हीकडून कोंडी. त्या दिवसांत रत्नाताई इतकी थकलेली दिसायची, की मी तिला गाडी चालवू देत नसे.

शेवटी एका शनिवारी तिने मला बोलावलं. टेबलावर जाडसर तपकिरी कापड कापलेलं होतं, चांगलं सुती. प्रज्ञाला स्टुलावर उभं केलं आणि चुण्या घालत घालत खालूनच, तिच्या तोंडाकडे न बघता, रत्नाताई बोलायला लागली. गाव, चावडी, लुगडं, भिंतीकडे तोंड. टाचण्या त्या दिवशी तोंडात नव्हत्या, टेबलावर होत्या. मी जाऊ का म्हणून खूण केली, तर तिने नको म्हटलं. एवढं सांगून होईतो कमरेचा सगळा घेर टाचून झाला होता.

प्रज्ञाने एकच विचारलं, "डिड शी एव्हर से एनिथिंग टू देम?"

"नाही," रत्नाताई म्हणाली. "पोट होतं ना."

मग उठली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "आता तू ठरव. कपडे मी शिवून देते. काम करायचं की नाही ते तुझ्यावर."

प्रज्ञा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय स्टिल वॉन्ट टू डू इट."

रत्नाताई "हूं" म्हणाली. कुठलं हूं ते मला कळलं. पोरगी वर गेल्यावर ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले. "सगळं ऐकून हो म्हणाली. तिला गोष्ट वाटली गं ती. फुकट गेलं सांगितलेलं." मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय ते तिच्या आईला कळत नाही, तिथे मला काय कळणार?

कपडे तिने शिवले. तशी झाडूवाली त्या फेअरने पाहिली नसेल. घागरा भक्कम, चोळीच्या शिवणी सुबक, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल. तपासणारी बाई म्हणाली, सुंदर आहे, पण ही गरीब आहे, थोडी ठिगळं हवीत, थोडी माती. रत्नाताई म्हणाली, ही झाडूवाली कपडे धुते. बाई हसली आणि तिने मान्य केलं. परत येताना रत्नाताईने मला सांगितलं, आजीचं लुगडं फाटकं होतं, पण मळकं कधी नव्हतं.

फेअरच्या पहिल्या शनिवारी मी गेले. जायची अजिबात इच्छा नव्हती. एप्रिल असून ऊन असं, की गाडीतून उतरतानाच घरी जावंसं वाटलं. धूळ, ढोलकी, तळणाचा वास. रत्नाताई स्वतः शिवलेल्या जांभळ्या मखमलीत, घामाने निथळत. इतकी वर्षं राण्या शिवल्या, स्वतःसाठी हा एकच झगा. आम्ही रस्त्याच्या कडेला गवताच्या गठ्ठ्यांपाशी उभ्या राहिलो. तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

मिरवणूक आली. पुढे प्रज्ञा, झाडूने धूळ उडवत, कुणाच्या बुटांवरून फडा फिरवत, लोक हसताहेत. आमच्यापासून थोड्या अंतरावर भाड्याच्या कपड्यांतला एक सरदार होता, टोपीला मोठं पीस, हातात टर्कीची तंगडी. त्याने उरलेलं हाड तिच्या पुढ्यात टाकलं आणि ओरडला, "यू मिस्ड अ स्पॉट, वेंच." इथलं झाडायचं राहिलं की गं मोलकरणी, असं. वाईट माणूस नव्हता. तिथे असं चालतं, खेळच असतो तो, आणि झाडूवालीने वाकून उचलायचं असतं. लोक वाट बघत होते. रत्नाताईची नखं माझ्या मनगटात रुतली.

प्रज्ञाने हाडाकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे. मग हसत हसत चालत गेली, झाडू त्याच्या हातात ठेवला आणि फेअरच्या त्या जुन्या इंग्लिश ढंगात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "माय ग्रेट-ग्रँडमदर ऑलरेडी डिड माय शेअर, माय लॉर्ड."

माझ्या पणजीने माझ्या वाटचं झाडून ठेवलंय.

लोक खदखदा हसले. त्यांना तो विनोद वाटला, आणि विनोद चांगलाच होता. सरदार लाजला, पण दिलदार निघाला, टोपी काढून त्याने आपलं हाड आपण गोळा केलं आणि पुढचा थोडा रस्ताही झाडला. टाळ्या पडल्या. मागून लिंडा राणी थांबून बघत होती, तीही हसत होती. त्या सगळ्या गर्दीत न हसलेल्या आम्ही दोघीच.

"ऐकत होती गं ती," रत्नाताई म्हणाली. तिने माझं मनगट सोडलं. "सगळं ऐकत होती."

मग ती मागच्या गवताच्या गठ्ठ्यावर बसली. पाय दुखतात म्हणाली. पाणी आणू का विचारलं तर नको म्हणाली, जरा बसते फक्त. मी वळून मिरवणूक बघितली, परत वळले, तर बाई झोपलेली. भर दुपारी, ढोल वाजत असताना, मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, मखमलीचा तो एवढा थोरला घेर गवतावर पसरलेला. इतक्या वर्षांत मी तिला इतकी निवांत कधी पाहिली नव्हती.

त्या उन्हाळ्यात प्रज्ञा कॉलेजला गेली, विलासभाऊजींना दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला, काम मिळालं, आणि सामान बांधण्याच्या गडबडीत आमचा नीट निरोपही झाला नाही. फोन होतात. पण रत्नाताई म्हटलं की मला ती तशीच दिसते, गवतावर झोपलेली. मी तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून समोर उभी होते. मिरवणूक संपवून प्रज्ञा झाडू परत घेऊन आली, घामेघूम, डोळे आईला शोधणारे. मी हाक मारून तिला उठवणार होते.

"झोपू दे तिला," प्रज्ञा म्हणाली, आणि माझ्याशेजारी सावली धरून उभी राहिली.